समुद्रांत कोण कशावर जगतें?

बोंबील जवळा खातो, हें कोंकणांतील कोणताही कोळी सांगेल. जवळा काय खातो असें विचारल्यास तो थोडा थांबेल. आणि जवळा ज्यावर जगतो तें अन्न समुद्रांतच उगवलेलें, कीं खाडीकांठच्या झाडांवरून गळून ओहोटीबरोबर आलेलें, असा प्रश्न टाकल्यास तोच काय, पण मोठा पंडितही नुसत्या डोळ्यांनीं पाहून उत्तर देऊं शकणार नाहीं. या शेवटच्या प्रश्नाविषयीं आणि तो सोडविण्याच्या एका युक्तीविषयीं आज मी आपणांस कांहीं सांगणार आहें. प्रश्न वरवर पाहतां पुस्तकी वाटतो. परंतु खाजणें राखावयाचीं कीं बुजवावयाचीं, आणि राखावयाचीं तर त्यांतील नेमकें काय राखावयाचें, हा व्यवहार त्याच्या उत्तराशीं बांधलेला आहे.

जमिनीवर असा प्रश्न फारसा पडत नाहीं. गाय गवत खातांना दिसते, बगळा किडे टिपतांना दिसतो. समुद्रांत मात्र खाणारा बहुधा दृष्टीआड, आणि खाद्य इतकें सूक्ष्म कीं, ओंजळभर पाण्यांत हजारों वनस्पति तरंगत असल्या तरी पाणी नितळच भासावें. म्हणून संशोधकांचा मार्ग पुष्कळ वर्षें एकच होता: मासा धरावा, त्याचें पोट चिरावें आणि आंत काय आहे तें भिंगाखालीं पाहावें. या मार्गानें मिळालेली माहिती मोलाची आहे व तो मार्ग आजही कोणी सोडलेला नाहीं. पण त्यांत दोष आहेत. पोटांत सांपडतें तें फक्त शेवटचें जेवण. एखादा परका मनुष्य लग्नाच्या दिवशीं आपल्या घरीं आला आणि पानांतील जिलबी पाहून ‘हीं माणसें जिलबीवर जगतात’ असें लिहून गेला, तर जें होईल तेंच येथें होतें. शिवाय खेकड्याची पाठ किंवा माशाचा कांटा पोटांत टिकतो, मऊ पदार्थ लवकर विरतात. त्यामुळें मऊ अन्नाची नोंद नेहमीं कमी पडते. कित्येक मासे खोल पाण्यांतून वर ओढतांना पोटांतील सारें ओकून टाकतात. आणि सर्वांत मोठी अडचण ही कीं, गिळलें तें सगळें अंगीं लागतें असें नाहीं. चिखल गिळणाऱ्या प्राण्याच्या पोटांत चिखलच दिसणार; त्या चिखलांतील कोणत्या कणावर त्याचा पिंड पोसला, हें पोट सांगत नाहीं.

पिंड मात्र सांगतो. प्राण्याचें मांस, हाड, कवच हें सारें त्यानें खाल्लेल्या अन्नांतूनच घडलेलें असतें. तेव्हां अन्नांत ओळखूं येईल अशी कांहीं खूण असेल, तर ती मांसांतही उतरली पाहिजे. अशी खूण सृष्टीनें स्वतःच घालून ठेविलेली आहे.

कर्बाचा परमाणु बारा वजनाचा, असें आपण शाळेंत शिकलों. तें बहुतांशीं खरें आहे, पूर्णांशीं नाहीं. कर्बाचे शंभर परमाणु घेतले तर सुमारें नव्याण्णव बारा वजनाचे आणि एखादा तेरा वजनाचा निघतो. दोघांचे रासायनिक गुण सारखेच. त्या एकाच्या पोटीं एक न्यूट्रॉन अधिक, एवढाच भेद. मूलद्रव्यांच्या कोष्टकांत दोघांचें स्थान एकच, म्हणून त्यांना समस्थानिक म्हणावयाचें. ‘आयसोटोप’ हें मूळ नांव फ्रेडरिक सॉडी यानें १९१३ सालीं प्रचारांत आणलें. कर्बाचें व नत्राचें जड भावंड १९२९ सालीं सांपडलें. नत्रांत तें आणखीच विरळ आहे; दहा हजार परमाणूंत सुमारें सदतीस. येथें एक खुलासा करून ठेवितों. प्राचीन वस्तूंचें वय काढण्यासाठीं ज्या चौदा वजनाच्या कर्बाचा उपयोग करितात तो किरणोत्सर्गी असून हळू हळू नाहींसा होतो. आपलीं भावंडें तशीं नाहींत. तीं जन्मल्यापासून आहेत तशींच राहतात, म्हणून त्यांस स्थिर समस्थानिक म्हणतात. आणि त्यांच्यापासून कोणासही अपाय नाहीं.

रासायनिक गुण सारखे असले तरी चाल सारखी नसते. हलका परमाणु किंचित् चपळ, जड किंचित् मंद. हिरवें पान हवेंतील कर्बाम्लवायु आंत घेतें त्या वेळीं हलका कर्ब पुढें सरकतो व जड थोडा मागें राहतो. म्हणून झाडांतील कर्ब हवेंतील कर्बापेक्षां किंचित् हलका. १९३९ सालीं अमेरिकेंत नीर व गुलब्रान्सन यांनीं निरनिराळ्या पदार्थांतील कर्ब तपासला, तेव्हां चुनखडींतील कर्ब जड आणि वनस्पतींतील हलका असा भेद त्यांना स्पष्ट आढळला. पुढें असें दिसून आलें कीं, सगळ्याच वनस्पति सारख्या हलक्या नसतात. भात, गहूं, डाळी आणि बहुतेक वृक्ष यांची अन्न तयार करण्याची रीत एक, आणि ज्वारी, बाजरी, मका, ऊंस यांची दुसरी. दुसऱ्या रीतींत जड कर्ब कमी वगळला जातो. त्यामुळें ज्वारीची भाकरी खाणाऱ्या सोलापूरकराचा केंस आणि भात खाणाऱ्या रत्नागिरीकराचा केंस दोन पुड्यांत बांधून प्रयोगशाळेंत धाडले, तर कोणता कोणाचा हें तेथील मनुष्य त्यांना न पाहतां सांगेल. गुऱ्हाळांतली काकवी आणि बीटाची साखर यांतला भेदही असाच ओळखतां येतो.

मोजण्याची रीत थोडक्यांत सांगतों. मांसाचा तुकडा वाळवून कुटतात. त्यांतली चरबी बहुधा काढून टाकितात, कारण चरबींत जड कर्ब मुळांतच कमी असतो. मग मिलिग्रॅमभर पूड कथलाच्या इवल्याशा पुडींत बांधून ती सुमारें हजार अंश उष्णतेंत जाळतात. निघालेला वायु विद्युद्भारित करून चुंबकाच्या क्षेत्रांतून सोडला कीं हलके कण अधिक वळतात, जड कमी वळतात, आणि दोघांची मोजदाद वेगवेगळी होते. या यंत्राचें नांव मास स्पेक्ट्रोमीटर. फरक फार बारीक असल्यामुळें तो शेंकड्यांत न सांगतां दर हजारीं सांगतात, आणि तोही एका ठराविक मापाशीं तुलना करून. नत्राचें माप म्हणजे साधी हवा. कर्बाचें मूळ माप मोठें मौजेचें आहे: अमेरिकेंतील दक्षिण कॅरोलिना प्रांतांतल्या पीडी नांवाच्या खडकांत सांपडलेला, माकुलाशीं नातें असलेल्या एका लुप्त प्राण्याचा दगड झालेला अवशेष. तो दगड वांटून वांटून केव्हांच संपला. आतां त्याच्याशीं जुळवून घेतलेलीं दुसरीं मापें वापरतात. सजीवांतला कर्ब त्या दगडाहून हलका असल्यामुळें त्याचा आंकडा उणा येतो. भाताचा सुमारें उणें २७, ज्वारीचा सुमारें उणें १२ वा १३, उष्ण व समशीतोष्ण समुद्रांत तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींचा बहुधा उणें २० ते २२. उणा आंकडा जितका मोठा, तितका कर्ब हलका, एवढें ध्यानांत ठेविलें म्हणजे पुरे.

आतां खाणाऱ्याकडे वळूं. १९७८ सालीं डीनीरो व एप्स्टाइन यांनीं ठराविक अन्नावर वाढविलेले प्राणी तपासून दाखविलें कीं, खाणाऱ्याचा कर्ब अन्नाच्या कर्बाशीं जवळ जवळ जुळतो. फार तर दर हजारीं एखाद्या अंकानें जड होतो. १९८१ सालीं त्यांनींच नत्राची परीक्षा केली, तेव्हां निराळा प्रकार दिसला. शरीर नको असलेला नत्र बाहेर टाकतें तो हलका असतो आणि जड नत्र मागें सांचतो. त्यामुळें खाणारा हा खाद्यापेक्षां नेहमीं ठळकपणें जड. मिनागावा व वाडा या जपानी शास्त्रज्ञांनीं १९८४ सालीं पुष्कळ प्राण्यांचे आंकडे जमवून ही वाढ पायरीमागें सरासरीनें ३.४ ठरविली.

म्हणजे कर्ब सांगतो अन्न मूळ कोठलें, आणि नत्र सांगतो खाणारा कितव्या पायरीवर बसला आहे. समजा, एका खाडीच्या मुखाशीं तरंगत्या वनस्पतींच्या नत्राचा आंकडा ६ आहे. तर त्यांवर जगणाऱ्या जवळ्याचा सुमारें ९.४, जवळा खाणाऱ्या बोंबलाचा १२.८, आणि बोंबील गिळणाऱ्या मोठ्या माशाचा १६ च्या पुढें. पण बोंबील आपल्याच जातीचीं पिलें गिळण्यासही कमी करीत नाहीं, आणि तसें केल्यास त्याचा आंकडा वर चढेल. ११ आला तर काय समजावें? तो कांहीं अन्न खालच्या पायरीचें व कांहीं वरच्या पायरीचें घेत आहे. खरा समुद्र सरळ शिडीसारखा नसतोच; तेथें अन्नाचें जाळें असतें, आणि पायऱ्यांत अपूर्णांक पडतात. त्रैराशिक शिकविण्यांत ज्याचा जन्म गेला त्याला हे अपूर्णांक मोठे गोड वाटतात, कारण पोट चिरून ते कधींच मिळाले नसते.

या युक्तीनें एका मोठ्या समजुतीला कसा धक्का दिला, ती हकीकत आतां सांगतों. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर जॉर्जिया प्रांतांत सपेलो नांवाचें बेट आहे. त्याच्या भोंवतीं भरती-ओहोटीच्या पाण्यानें भिजणारीं विस्तीर्ण खाजणें असून त्यांत स्पार्टिना नांवाचें एकच गवत दूरवर माजलेलें असतें. जॉर्जिया विद्यापीठानें १९५३ सालीं तेथें समुद्राभ्यासाचें केंद्र स्थापिलें. १९६२ सालीं जॉन टील यांनीं त्या खाजणाचा जमाखर्च मांडला. गवत किती उगवतें, किती खाल्लें जातें, किती कुजतें हें मोजून, सुमारें ४५ टक्के उत्पन्न ओहोटीबरोबर बाहेर जात असलें पाहिजे, असें त्यांनीं वजाबाकीनें काढलें. यूजीन ओडम हे त्या विद्यापीठांतले थोर सृष्टिशास्त्रज्ञ. त्यांनीं यावरून असा सिद्धान्त पुढें मांडला कीं, खाजण हें गवत पिकवून समुद्राला पोसतें आणि किनाऱ्यावरची मासेमारी त्यावर उभी आहे.

सिद्धान्त सुंदर होता आणि वेळही तशीच आली. १९६८ च्या सुमारास त्या किनाऱ्यालगत फॉस्फेट उकरून काढण्याची योजना पुढें आली. लोकांनीं विरोध केला, शास्त्रज्ञांनीं साक्ष दिली, आणि १९७० सालीं जॉर्जियाच्या विधिमंडळानें खाजणांच्या संरक्षणाचा कायदा केला. खाजण म्हणजे डांसांचें आगर व भराव टाकण्याची जागा, अशी समजूत जाऊन तें माशांचें कोठार आहे अशी समजूत रूढ झाली. येथें एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. बाहेर जाणारें गवत कोणीं प्रत्यक्ष पाहिलें नव्हतें. वजाबाकींत जें उरलें तें बाहेर गेलें, असें धरलें होतें.

स्पार्टिना हें गवत ज्वारी-उंसाच्या रीतीनें अन्न तयार करणारें आहे. त्याचा कर्बाचा आंकडा उणें १३ च्या आसपास. तरंगत्या वनस्पतींचा उणें २१. तेव्हां पाण्यांतले कण तपासले कीं गवत किती व तरंगत्या वनस्पति किती हें कळावें. सपेलो येथें एव्हलिन हेन्स या विदुषीनें हेंच काम केलें आणि १९७६ व १९७७ सालीं त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. खाजणाच्या चिखलावर चरणाऱ्या प्राण्यांत गवताची खूण होती. पण ओढ्यांच्या पाण्यांत तरंगणाऱ्या कणांचा आंकडा गवताशीं जुळेना. तो समुद्रांतल्या तरंगत्या वनस्पतींच्या जवळ येत होता. ज्या पाण्यानें गवताचे भारे वाहून नेले असें मानलें होतें, त्या पाण्यांत गवत फारसें दिसत नव्हतें.

या निष्कर्षानें खळबळ उडाली, आणि ती योग्यच होती. परंतु त्यांत एक पेंच होता. जमिनीवरील वृक्षांचा आंकडा उणें २८. नदीनें आणलेला वृक्षांचा पाला आणि खाजणाचें गवत हीं जवळ जवळ निमेनिम मिसळलीं, तर सरासरी उणें २१ च्या आसपासच येईल! म्हणजे तरंगत्या वनस्पति मुळींच नसतांनाही त्या आहेत असें दिसावें. शेरभर दूध आणि शेरभर पाणी यांची सरासरी काढून त्यास ताक म्हणण्याचा हा प्रकार. गणिताच्या भाषेंत सांगावयाचें तर अज्ञात राशि तीन, आणि समीकरण एक कर्बाचें व दुसरें सर्व भागांची बेरीज एक असल्याचें. तीन अज्ञातांस दोन समीकरणें पुरत नाहींत. तिसरें शोधलें पाहिजे.

तें गंधकानें दिलें. समुद्राच्या पाण्यांत सल्फेटच्या रूपानें गंधक भरपूर असतो व तो जड असतो. तरंगत्या वनस्पति तोच घेतात, म्हणून त्यांचा गंधकाचा आंकडा अधिक १८ ते २० च्या घरांत. खाजणाच्या काळ्या चिखलांत मात्र हवा नाहीं. तेथील जंतु सल्फेटपासून सडक्या अंड्याच्या वासाचा वायु तयार करितात आणि त्या कामीं हलका गंधक आधीं उचलतात. स्पार्टिनाचीं मुळें त्याच चिखलांत असल्यामुळें गवताचा गंधक कितीतरी हलका. वृक्षांचा गंधकही समुद्रापेक्षां हलकाच. तेव्हां गवत आणि पाला यांची भेसळ कर्बाच्या कसोटीला फसवील, पण गंधकाच्या कसोटीवर तिला समुद्राचें सोंग आणतां येणार नाहीं. पीटरसन व हॉवर्थ यांनीं सपेलोच्या प्राण्यांवर कर्ब, नत्र व गंधक या तिन्ही कसोट्या एकत्र लाविल्या आणि १९८७ सालीं निकाल दिला: वृक्षांच्या पाल्याचा वांटा नगण्य, खरे पोशिंदे दोन, गवत आणि सूक्ष्म शैवाल, आणि दोघेही महत्त्वाचे. ओडम यांचा सिद्धान्त सगळा खोटा ठरला नाहीं, सगळा खराही ठरला नाहीं. याच मंडळींनीं त्यापूर्वीं, १९८५ सालीं, केप कॉड येथील खाजणांतल्या शिंपल्यांविषयीं जें लिहिलें होतें तें तर फारच बोलकें आहे. एकाच जातीचे शिंपले. जे खाजणाच्या आंतल्या भागांत चिकटलेले ते मुख्यतः गवतावर जगत, आणि जे मुखाशीं होते ते तरंगत्या वनस्पतींवर. ‘हा शिंपला काय खातो?’ या प्रश्नाला ‘कोठला शिंपला?’ असा उलट प्रश्नच बरोबर.

कोणी म्हणेल, ज्या समजुतीवर कायदा उभा राहिला तीच डळमळली, मग कायद्याचें काय? मला त्यांत अडचण दिसत नाहीं. सूक्ष्म शैवाल म्हणजे कांहीं निव्वळ भर समुद्रांतली वस्तु नव्हे. त्याचा एक मोठा भाग खाजणांतल्याच उघड्या ओल्या चिखलावर तपकिरी सायीसारखा पसरलेला असतो आणि ओहोटीच्या वेळीं उन्हांत वाढतो. भराव टाकला कीं गवतही गेलें आणि ती सायही गेली. शिवाय लहान माशांना लपण्याची जागा हा खाजणाचा उपयोग निराळाच. तो कर्बाच्या आंकड्यांत येत नाहीं. बदलावयास हवें तें आपलें लक्ष. पूर्वीं जो तो हिरव्याकडे पाहत असे. आतां ध्यानांत आलें कीं ज्या चिखलपट्टीवर कांहींच उगवलेलें दिसत नाहीं, ती ओसाड नसून चराऊ कुरण आहे.

हा विचार आपल्या किनाऱ्यालाही लागू पडतो, म्हणून त्यावर थोडा अधिक थांबतों. आपल्या खाड्यांत स्पार्टिनाऐवजीं तिवर व कांदळ. त्यांची रीत भाताच्या वर्गांतली, आंकडा सुमारें उणें २८. म्हणून समुद्रांतल्या वनस्पतींपासून त्यांचा माग वेगळा काढतां येतो. मलेशियांतील कांदळवनांची अशी तपासणी १९८४ सालीं प्रसिद्ध झाली. वनांतल्या ओढ्यांतील प्राण्यांत झाडांच्या कर्बाचा बराच अंश निघाला; किनाऱ्यापासून बाहेर जातां जातां तो नाहींसा झाला. त्याहून जवळचें उदाहरण गोदावरीचें. जी त्र्यंबकेश्वराजवळ उगम पावते, तिच्या मुखाशीं आंध्र प्रदेशांत कोरिंगा हें मोठें कांदळवन आहे. तेथील चिखलांतले गोगलगाय, खेकडे इत्यादि प्राणी बेल्जमच्या व आंध्रच्या शास्त्रज्ञांनीं तपासले. २००२ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षाप्रमाणें, झाडांच्या सावलींत राहूनही त्यांतले बहुतेक प्राणी पानांवर न जगतां सूक्ष्म शैवाल व पाण्याबरोबर आलेलें इतर अन्न यांवर जगतात. याचा अर्थ कांदळवन निरुपयोगी असा नव्हे. तें किनारा धरून ठेवितें, वादळ अडवितें, चिखलांत कर्ब सांठवितें. महाराष्ट्र सरकारनें २०१२ सालीं वनखात्यांत कांदळवनांसाठीं स्वतंत्र कक्ष काढला, हें उत्तमच झालें. परंतु उघडी चिखलपट्टी दिसली कीं तेथें रोपें लावून ती हिरवी करावी, म्हणजे माशांची भरभराट होईल, असा जो उत्साह कधीं कधीं दिसतो, त्यापूर्वीं त्या पट्टीवर आज कोण चरत आहे हें पाहिलेलें बरें. कोळंबीच्या शेपटीचा एक तुकडा तें सांगूं शकतो.

हा तुकडा किती दिवसांचा हिशेब सांगतो, असेंही आपण विचाराल. रक्तांतला पातळ भाग कांहीं दिवसांचा, मांस कांहीं आठवड्यांचें वा महिन्यांचें, हाड कित्येक वर्षांचें. केंस, पीस, नख हीं एकदां वाढलीं कीं त्यांत पुढें पालट होत नाहीं, म्हणून तीं त्या त्या वेळची नोंद कायम ठेवितात. उत्तर ध्रुवाकडच्या एका देवमाशाच्या तोंडांत दांतांऐवजीं तीन-चार मीटर लांब गाळणीच्या पट्ट्या असतात. तो हिंवाळा बेरिंगच्या समुद्रांत काढतो आणि उन्हाळ्यांत बोफोर्टच्या समुद्रांत जातो. दोन्हीकडच्या अन्नाचा कर्ब निराळा. शेल व त्यांचे सहकारी यांनीं १९८९ सालीं दाखविलें कीं, पट्टीच्या लांबीभर कर्बाचा आंकडा लाटेसारखा वरखालीं होतो आणि एक लाट म्हणजे एक वर्ष. देवमाशाचें वय त्याच्या जेवणावरून मोजलें गेलें!

जुन्या वस्तुसंग्रहालयांतल्या पिसांवरूनही असा शोध घेतात. मात्र तेव्हां एक वजावट करावी लागते. गेल्या दोनशे वर्षांत आपण जो दगडी कोळसा व तेल जाळलें, तें मूळ प्राचीन वनस्पतींचेंच असल्यामुळें त्यांतला कर्ब हलका; त्यानें साऱ्या हवेचा कर्ब दर हजारीं सुमारें दोन अंकांनीं हलका केला आहे, आणि समुद्राचा पृष्ठभागही त्याच्या मागोमाग हलका होत आहे. ही वजावट विसरल्यास पक्ष्यानें आहार बदलला असें वाटेल, आणि बदललेली असेल हवा.

नत्राच्या बाबतींत असाच सावधपणा हवा, आणि त्याचें कारण नेमकें आपल्या अरबी समुद्रांत आहे. शिडीची उंची कळली तरी ती कोणत्या जोत्यावर उभी आहे हें कळल्याशिवाय माथा किती उंच तें सांगतां येत नाहीं. जगांतल्या बहुतेक खोल समुद्रांत नायट्रेटच्या नत्राचा आंकडा ५ च्या सुमारास असतो. अरबी समुद्रांत साधारण दीडशें मीटरपासून हजार मीटरपर्यंतच्या पाण्यांत प्राणवायु फार थोडा. तेथील जंतु प्राणवायूच्या अभावीं नायट्रेटवर आपला निर्वाह करितात. हलका नत्र वायु होऊन निसटतो आणि उरलेलें नायट्रेट जड होत जातें, त्या थराच्या गाभ्यांत तर १० च्याही वर. हें पाणी जेथें वर येऊन मिसळतें, तेथें पहिल्या पायरीपासूनच सगळे आंकडे चढलेले. बंगालच्या उपसागरांत ही क्रिया फारच अल्प. म्हणून मुंबईची सुरमई व विशाखापट्टणची सुरमई यांचे आंकडे शेजारीं मांडून पहिली वरच्या पायरीवर आहे असें म्हणणें धोक्याचें. याच्या उलट, फाल्गुन-चैत्राच्या सुमारास आपल्या किनाऱ्याबाहेर ट्रायकोडेस्मियम नांवाची सूक्ष्म वनस्पति कधीं कधीं लांकडाच्या भुशासारखी पाण्यावर पसरते. ती आपला नत्र थेट हवेंतून घेते, आणि हवेचा आंकडा तर शून्य. तेव्हां त्या दिवसांत जोतें खालीं उतरतें. शहरांजवळच्या खाड्यांत सांडपाण्याचा नत्र बहुधा त्यास पुनः वर उचलतो.

म्हणून असें काम करणारा मनुष्य सुरमईपासून सुरवात करीत नाहीं. तरंगत्या वनस्पति आज आहेत, उद्यां नाहींत. त्यांचा आंकडा आठवड्यागणिक बदलतो. तो प्रथम खडकांवरचे शिणाणे, कालवें आणि शैवाल खरवडणाऱ्या गोगलगाई गोळा करितो. हे प्राणी जागा सोडीत नाहींत, दुसऱ्या पायरीवर बसलेले असतात, आणि सावकाश वाढत असल्यामुळें चंचल पाण्याची कित्येक महिन्यांची सरासरी आपल्या मांसांत घेऊन ठेवितात. एकानें तरंगत्या वनस्पतींची बाजू सांगावी, दुसऱ्यानें चिखलावरच्या सायीची. त्यांचे आंकडे हातीं आल्यावर मग जवळा, त्यानंतर बोंबील, आणि सुरमईची पाळी अगदीं शेवटीं.